निबंध मोबाइलने लिहिला, मग मी काय तपासू?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत ‘माझी आजी’ हा निबंध लिहून आणायला सांगितला होता. अकरा वह्यांत आजी आरामखुर्चीत बसून परीकथा सांगत होती. त्यांतल्या एका मुलीची आजी सोमवारच्या बाजारात भाजी विकायला बसते. मी तिच्याकडूनच मेथी घेते. मुलांनी चॅटजीपीटीला विचारून निबंध उतरवले, हे उघड आहे. सगळे तिथेच मिळणार असेल, तर मी शिकवायचे तरी काय?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : चॅटजीपीटी आले नोव्हेंबर २०२२ मध्ये; परीकथा सांगणारी ही आजी त्याच्या कितीतरी आधीपासून गाइडांमध्ये बसलेली आहे. तेव्हा ती विकत घ्यावी लागे, इतकाच फरक.

साधन बदलले की शाळेचे काही काम गळून पडते, हे आपण एकदा पाहिले आहे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता, तोवर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असल्यावाचून हिशेब जमत नसे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आले आणि ती घोकंपट्टी हळूहळू शाळेतून गेली. अदमासाची गरज मात्र गेली नाही. कॅल्क्युलेटरवर एक शून्य जास्त पडले, तर ते आजही डोळ्यांना खटकावे लागते. तेच खटकणे आता भाषेच्या तासाला शिकवावे लागेल.

त्या अकरा निबंधांतला एक, मुलाचे नाव न घेता, वर्गात वाचा आणि प्रत्येक वाक्याला ‘हे आपल्या गावात कोणी पाहिले आहे?’ असे विचारा. आरामखुर्ची बहुधा पहिल्याच फेरीत बाद होईल. मग आजी पहाटे किती वाजता उठते, जुडी कशाने बांधते, उरलेल्या मालाचे काय करते, असे प्रश्न सगळ्यांनाच घरी विचारून यायला सांगा आणि लिखाण मात्र वर्गात, तुमच्यासमोर करून घ्या. नंतर शुद्धलेखनासाठी मोबाइल घेतला तरी चालेल; पण सुचवलेली दुरुस्ती का स्वीकारली किंवा का नाकारली, हे मुलाला तोंडी सांगता आले पाहिजे. यात वेळ फार जातो, म्हणून सगळा वर्ग एकदम घेऊ नका. आठवड्याला पाच-सहा मुले पुरेत.