वाचकांचे प्रश्न: जिभेला पिअर्सिंग केलंय, आता पुढे काय?

गेल्या अंकात कानाच्या वरच्या कुर्चेच्या पिअर्सिंगबद्दल लिहिलं तर त्यानंतर आलेली निम्मी पत्रं जिभेबद्दलचीच आहेत, म्हणून या वेळी फक्त तोच विषय घेतेय. मी डेंटिस्ट आहे, त्यामुळे दात आणि हिरड्यांवर जरा जास्त बोलणार, ते चालवून घ्या.

प्रश्न: ताई, परवा जिभेला पिअर्सिंग केलं. करताना फार काही वाटलं नाही पण आज जीभ डबल झाल्यासारखी वाटतेय, तोंडात मावत नाहीये, 'स' म्हणायला गेले की 'श' होतो. बारबेलच्या (दोन्ही टोकांना बॉल असलेली ती दांडी) भोवती पांढरट-पिवळं काहीतरी जमतंय. इन्फेक्शन झालंय का? मैत्रीण म्हणते ताबडतोब काढून टाक. काढू का?

उत्तर: काढू नकोस. जीभ म्हणजे नुसता स्नायू, त्यात भरपूर रक्तपुरवठा, त्यामुळे टोचलं की ती सुजणारच, आणि ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग आठवड्याभरात उतरायला लागते. म्हणजे तू आत्ता सगळ्यात वाईट दिवसांत आहेस, चार दिवस कळ काढ. बोलणंही सूज उतरली की जागेवर येतं. आत्ता बारबेल काढलास तर ताजं भोक काही तासांत बुजू शकतं आणि सुजलेल्या जिभेत ते परत घालणं जवळपास अशक्य असतं.

पांढरट-पिवळं जे जमतंय ते बहुतेक वेळा जखम भरताना येणारं पातळ पाणी असतं, त्याला वास नसतो. पू वेगळा दिसतो, घट्ट, हिरवट-पिवळा, घाण वास येणारा, आणि कमी व्हायला लागलेलं दुखणं परत वाढतं. तसं झालं तर डॉक्टरला दाखव, पण तेव्हाही स्वतःच्या मनाने बारबेल काढू नको, कारण भोक वरून बंद झालं तर पू आत अडकतो.

आता काय करायचं. बर्फाचे छोटे तुकडे तोंडात विरघळू दे, चावू नको. झोपताना डोकं उशीने उंच ठेव, सकाळची सूज बरीच कमी वाटेल. आयब्युप्रोफेन चालत असेल (अ‍ॅसिडिटी, अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार) तर त्याने दुखणं आणि सूज दोन्ही कमी होतं, पण दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नको, त्याने रक्त येत राहतं. काही खाल्लं की अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने नाहीतर मिठाच्या पाण्याने अर्धा ते एक मिनिट चूळ भर, एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, त्याहून जास्त नको, जास्त मीठ जखमेला झोंबतं आणि भरणं लांबतं. दिवसातून चार-पाच वेळा पुरे. काहीजणी घाबरून तासातासाला चुळा भरतात आणि मग अख्खी जीभ पांढरी पडते, ते इन्फेक्शन नसतं, माउथवॉशचा अतिरेक असतो. ब्रश नवा घे, मऊ दातांचा. खाणं गार, मऊ, बिनतिखटाचं, आणि घास छोटा घेऊन सरळ दाढांवर ठेव, म्हणजे जिभेला तो फिरवावा लागत नाही.

आणि हे मात्र नीट वाच. ताप आणि थंडी, हनुवटीच्या खाली किंवा मानेपर्यंत सूज, जिभेखालची जागा कडक होऊन वर उचलली जाणं, स्वतःची लाळही गिळता न येणं, श्वास घ्यायला त्रास, यातलं एक जरी झालं तरी पिअर्सरला मेसेज करत बसू नको, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. लुडविग्ज अँजायना नावाचं इन्फेक्शन असतं, क्वचित होतं पण जिभेच्या पिअर्सिंगनंतर झाल्याची नोंद आहे, त्यात सूज श्वासाची वाट बंद करू शकते, आणि तिथे दिवस नाही तर तास मोजायचे असतात. दुसरं, सुजेमुळे बॉल जिभेत रुतायला लागलेला दिसला तर त्याच दिवशी पिअर्सरकडे जाऊन लांब बारबेल घालून घे, आणि पूर्ण आत गेला असेल तर डॉक्टरकडे.

प्रश्न: मला पिअर्सिंग करून बरेच महिने झालेत, मस्त भरलंय, काही त्रास नाही. पहिलाच बारबेल अजून आहे, बदलायचं जीवावर येतं. एक सवय लागलीये, काम करताना तो बॉल खालच्या पुढच्या दातांच्या मागे घासत बसतो. हल्ली तिथे थंड पाणी लागलं की झिणझिणतं. याचा काही संबंध असेल का?

उत्तर: असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि तू विचारलंस हे फार बरं केलंस, कारण हाच भाग सगळे सोडून देतात.

पहिला बारबेल मुद्दाम लांब घालतात, साधारण 18 ते 22 मिलिमीटर, कारण सुजेला जागा हवी असते. सूज उतरली की त्या लांबीचं काम संपलं. दोन ते चार आठवड्यांत पिअर्सरकडे जाऊन जिभेच्या जाडीप्रमाणे छोटा, बहुतेकांना 14 ते 16 मिलिमीटरचा, घालून घ्यायचा असतो. भोक चार ते सहा आठवड्यांत, कधी आठ, भरून येतं, दुखायचं थांबतं आणि माणूस विसरून जातो की तोंडात आता गरजेपेक्षा लांब दांडी आहे. ती पुढे येते, दातांत सापडते, घास चावताना दाढांखाली येते आणि दाढेचा कपचा उडतो.

त्याहून वाईट हिरडीचं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूची हिरडी खूप पातळ असते. तिच्यावर धातूचा बॉल रोज घासला की ती हळूहळू खाली उतरते, दाताचं मूळ उघडं पडतं, म्हणूनच थंड लागलं की झिणझिणतं. आतलं हाडही झिजत गेलं की दात हलायला लागतात. हे सगळं न दुखता होतं, आणि आतल्या बाजूला असल्यामुळे आरशात कुणी बघतच नाही. जिभेची जखम आपोआप भरते पण उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही, फार तर ग्राफ्टचं, म्हणजे दुसरीकडचा तुकडा तिथे लावायचं, ऑपरेशन करून थोडीफार झाकता येते.

आज रात्री टॉर्च घे, जीभ वर टाळूला लाव आणि छोट्या आरशाने खालच्या दातांची मागची बाजू बघ. एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतोय का, मुळाजवळ पिवळसर पट्टी दिसतेय का? दिसली किंवा नाही दिसली तरी डेंटिस्टकडे जा, तो हिरडीची मोजणी करून नोंद ठेवेल, म्हणजे पुढे फरक कळेल. बारबेल याच आठवड्यात बदल. आणि घासायची ती खोड मोड, कारण छोट्या बारबेलनेही घासलंस तर नुकसान होतंच, फक्त हळू. प्लॅस्टिकचे बॉल दातांना त्यातल्या त्यात बरे पण चावले की फुटतात, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवू नको. हिरडी उतरत चाललीये असं डेंटिस्टने सांगितलं तर मात्र बारबेल काढून टाक. मला माहितीये तुला तो आवडतो, पण दात जास्त दिवस लागणार आहेत.

प्रश्न: माझी मुलगी 19 वर्षांची आहे, तिने ठरवलंच आहे. मी नाही म्हणून ती थांबणार नाही. निदान सुरक्षित व्हावं म्हणून काय बघायचं?

उत्तर: तिच्याबरोबर जा, बोलणं तिला करू द्या, तुम्ही बघत राहा. चांगला पिअर्सर आधी जीभ वर करायला सांगून खालून लाइटने बघतो, कारण तिथे दोन बाजूंना निळ्या शिरा असतात आणि टोचायचं असतं मधल्या भागात, त्यांना चुकवून. जिभेखालचा पडदा फार पुढपर्यंत असेल तर तो नाही म्हणतो किंवा जागा बदलतो. न बघताच खूण करायला लागला तर उठून या. सुई पोकळ, एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं, बाकी सामान ऑटोक्लेव्हमधलं, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेलं, आणि टोचायची गन अजिबात नाही. बारबेल इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमचा, त्या दर्जाचं मानक एएसटीएम एफ 136 असं स्पष्ट सांगता आलं पाहिजे, स्वस्त धातूत निकेल असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी होते. हृदयाच्या झडपेचा आजार, डायबेटिस, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काही असेल तर आधी तिच्या डॉक्टरशी बोला, पिअर्सरशी नंतर. आणि छोटा बारबेल घालायची तारीख त्याच दिवशी घेऊन या.

प्रश्न: सिगरेट, दारू आणि किस किती दिवस बंद?

उत्तर: पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे तिन्ही बंद. दुसऱ्याची लाळ ताज्या जखमेत जाणं म्हणजे दुसऱ्याचे जंतूही जाणं, ग्लास आणि चमचाही शेअर करू नको. सिगरेट जमली तर नंतरही सुरू करू नको.

प्रश्न: जिभेच्या टोकाला आडवा बारबेल, दोन डोळ्यांसारखे बॉल दिसतात तो, करावा का?

उत्तर: नको. तो आडवा जाऊन जिभेचे दोन्ही बाजूंचे स्नायू एकत्र बांधतो आणि बॉल कायम पुढच्या दातांवरच आपटत राहतात. बरेच चांगले पिअर्सर तो करायलाच नकार देतात. हवंच असेल तर मधोमध उभं कर, आणि वर लिहिलेलं बारबेल बदलायचं दोन-चार आठवड्यांत कर.