वडिलांनी व्हॉट्सॲपवर आलेली ‘आरटीओ चलन’ फाइल उघडली. आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना त्यांच्या जुन्या मित्राच्या नंबरवरून चलनाची फाइल आली, त्यांनी ती उघडली, दोन-तीनदा ‘अलाउ’ केलं. पैसे अजून गेलेले नाहीत. आता काय करायचं, आणि असे मेसेज ओळखायचे कसे?

आधी त्यांचा फोन एरोप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. मग पुढचं वाचा.

माझं एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हे चलन घेऊन माणसं माझ्याकडे येतात ती ‘फोन गरम होतोय’ म्हणून. मागे एक निवृत्त गुरुजी असेच आले. सेटिंग्जमधली ॲप्सची यादी उघडली तर खाली ‘चलन’ नावाचं ॲप होतं, स्क्रीनवर मात्र त्याचं चिन्ह कुठंच नाही. परवानग्यांमध्ये एसएमएस चालू. म्हणजे बँकेचा ओटीपी आला की तो परस्पर चोरांकडे पोचत होता. मी विचारलं, ‘गुरुजी, गाडी कुठली?’ म्हणाले, ‘सायकल आहे.’ हसू नका. चलन म्हटलं की माणूस घाबरतो आणि बोट आपोआप पुढे जातं.

ती फाइल कागदपत्र नसतेच. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे. पीडीएफचं चित्र वर चिकटवलेलं असलं तरीही.

आता सिमकार्ड काढून एखाद्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे नवे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागणार नाहीत. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकातला घ्या, गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे ‘कस्टमर केअर’ बसलेले असतात. पासवर्ड आणि पिन बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरूनच. वडिलांनी आत कुठं कार्डाचे आकडे किंवा पिन भरला का, ते शांतपणे विचारा. रागावलात तर ते सांगणार नाहीत. गुरुजींनी दोन दिवस मुलाला सांगितलं नव्हतं, आणि पैसे त्या दोन दिवसांतच गेले.

ॲपचे आणि मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. मगच ते ॲप काढून टाका आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. ‘अनइन्स्टॉल’चं बटण दबत नसेल तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनची, म्हणजे फोनवर ताबा ठेवायची, परवानगी घेतलेली असते, ती आधी काढावी लागते. बॅकअप फक्त फोटो आणि नंबरांचा घ्या.

पैसे गेले, तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. खातं कुठल्या बँकेत, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसा पुढे ज्या खात्यांत सरकला तिथे तो अडवायचा प्रयत्न होतो, म्हणून तासाभरात केलेल्या फोनला किंमत आहे. मिळालेला तक्रार क्रमांक जपा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाची चूक असली तरी, बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेच्या अंगावर असतं. नुसता संशयास्पद मेसेज आलाय, पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’मध्ये कळवा.

तक्रारीनंतर कुणी ‘सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा, पैसे सोडवून देतो’ म्हणाला, तर तोही चोरच.

आता ओळखायचं कसं. मेसेज कुणी पाठवला हे बघून काही कळत नाही, तुमच्याकडे तर तो मित्राच्याच नंबरवरून आला. तो काय करायला सांगतोय ते बघा. ॲप टाका, लिंकवर जा, या नंबरला फोन करा, आणि सगळं आत्ताच्या आत्ता. खरं चलन तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता: परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे आकडे टाका. पत्ता मात्र शेवटाकडून वाचा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे जी पहिली तिरकी रेष येते, तिच्या अगदी आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हवं. ‘परिवहन’ हा शब्द पुढे कुणीही लावू शकतो. ईमेललाही हेच, वर दिसणाऱ्या नावाला अर्थ नाही, ॲट चिन्हानंतरचा पत्ता उघडून बघा.

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, अधिकाऱ्याला फोन करा’ हा मेसेज तर आमच्या गल्लीत प्रत्येकाला आलाय. वीज कायदा २००३च्या कलम ५६प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय महावितरणचा मेसेज कुणाच्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पोस्टाचं पार्सल अडकलंय, पत्ता भरा, हा त्याचाच चुलतभाऊ.

राहिला तो मित्र. त्याने तुम्हाला मुद्दाम काही पाठवलेलं नाही, बहुधा त्याच्याही फोनमध्ये हेच ॲप बसलंय आणि त्याला पत्ता नाही. वडिलांना त्याच्याशी बोलू द्या, व्हॉट्सॲपवर नको, साधा फोन. आणि वडिलांच्या नंबरवरून आणखी कुणाकुणाला ते चलन गेलंय, ती यादी फोन रीसेट करायच्या आधी कागदावर उतरवून घ्या.