टॅरिफला जकात म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या ‘टॅरिफ’ला कुठे जकात, कुठे आयातशुल्क, तर कुठे सीमाशुल्क असं छापून येतं. यातलं बरोबर कोणतं? आणि ‘भारतावर टॅरिफ लावलं’ हे चालेल का?

‘जकात’ हा शब्द चूक नाही, पण पुण्यात तरी मी तो टाळेन. इथे चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही जकात म्हटलं की नाका आणि त्यापुढची ट्रकची रांग आठवते. त्या जकातीचा परदेशाशी काही संबंध नव्हता. नाशिकचा मालही ती भरूनच शहरात शिरायचा. १ एप्रिल २०१३ला ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, तो निराळाच विषय. पेशवाईत जकातीचा पसारा आणखी मोठा होता. माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, शिवाय वाटेत चौक्या. व्यापारी मग हुंडेकऱ्याला ठोक रक्कम देऊन मोकळा होई. वाटेतल्या सगळ्या जकाती तो भागवी.

टॅरिफचं मूळ अरबी ‘तअरीफ’, म्हणजे ओळख करून देणं, जाहीर करणं. तो इटालियनमार्गे युरोपात गेला. आपल्याकडे फारसीतून आला तो ‘तारीफ’ होऊन. (सध्या कुणी टॅरिफची तारीफ करत नाही, हे सोडा.) म्हणजे टॅरिफ हा आधी दरांचा तक्ता, कर नंतर. विजेच्या टॅरिफमध्ये हा अर्थ अजून टिकून आहे.

जागतिक व्यापाराच्या नियमांतही तो तक्ताच महत्त्वाचा. १९४७ साली भारतासह २३ देशांनी गॅट हा शुल्क आणि व्यापाराविषयीचा करार केला. १९९५पासून ती चौकट जागतिक व्यापार संघटनेकडे आहे. प्रत्येक सदस्य आपला तक्ता तिथे नोंदवतो: अमुक वस्तूवर जास्तीत जास्त एवढं शुल्क. हा बांधील दर. प्रत्यक्षात त्याहून कमी घ्यायला मोकळीक असते. पामतेलावर भारताचा बांधील दर ३०० टक्के आहे. म्हणून सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या पामतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, तरी करार मोडला नाही. दुसरा नियम असा की एका सदस्याला जो दर, तोच बाकीच्यांना. याला ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ असं फसवं नाव आहे; खरं तर यात लाडका कुणीच नसतो. मुक्त व्यापार करारांसारखे अपवाद आहेत, पण ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लावलं, त्यावर हे दोन्ही नियम मोडल्याची टीकाही झाली.

आता ‘भारतावर’. हे शुल्क अमेरिकेच्या तिजोरीत भरतो तिथला आयातदार. तो पुढे भाव पाडून मागेल किंवा गिऱ्हाइकाकडून वसूल करेल, ती घासाघीस वेगळी. ‘भारतावर लावलं’ म्हटलं की दिल्लीने दंड भरल्यासारखं वाटतं. ‘भारतीय मालावर’ म्हणा.

राहिलं सीमाशुल्क. त्यात आयात-निर्यात दोन्ही येतात. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर लावलेलं ४० टक्के निर्यातशुल्क हेही सीमाशुल्कच. तेव्हा अमेरिकेच्या बातमीत ‘आयातशुल्क’ लिहावं, आणि तक्त्याबद्दल बोलायचं असेल तर ‘शुल्कदर’.