401-के मधून कर्ज काढून 1972 ची कॉर्व्हेट घ्यावी का?

प्रश्न (थोडक्यात): मी 41 वर्षांचा आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो. एच-1बी (नोकरीशी बांधलेला व्हिसा) वर आहे, आय-140 (मालकाने माझ्यासाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. पत्नी एच-4 ईएडी (माझ्या व्हिसावर अवलंबून असलेली कामाची परवानगी) वर नोकरी करते. दोघांचं मिळून वर्षाला 2,35,000 डॉलर उत्पन्न, महिन्याचा खर्च 7,800, सगळं जाऊन 2,600 उरतात. मुलं 12 आणि 8 वर्षांची. आपत्कालीन निधी 38,000, माझ्या 401-के (नोकरीतलं निवृत्ती-बचतीचं खातं) मध्ये 1,90,000. कॉलेजपासून कॉर्व्हेटचं, म्हणजे शेव्हरलेच्या स्पोर्ट्स कारचं, वेड आहे. ओहायोमध्ये 1972 ची टी-टॉप (छताचे दोन तुकडे काढता येणारी), फोर-स्पीड (चार गिअरची मॅन्युअल) गाडी 34,000 ला मिळतेय. जाहिरातीत 'मॅचिंग नंबर्स, 350 इंजिन, 300 हॉर्सपॉवर' असं लिहिलंय, म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच, 350 घन इंचांचं. 10,000 मी वेगळे साठवलेत, 24,000 चं कर्ज 401-के मधून काढेन. शुक्रवारी ऑफिसला नेईन. शिवाय ही गुंतवणूकच आहे, किंमत वाढतच जाणार. विक्रेता 1,000 डॉलर ना-परतावा डिपॉझिट मागतोय. देऊ का?

उत्तर: डिपॉझिट देऊ नका. ही गाडी, या किमतीला, या पैशातून नको. कॉर्व्हेट कधीच घेऊ नका असं मात्र आम्ही म्हणत नाही.

आधी घरचा हिशेब. तुम्ही दोन पगार लिहिलेत, पण ते एकाच खुंटीला टांगलेले आहेत. तुमची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला किंवा स्टेटस बदलायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तुमचं एच-1बी स्टेटस संपलं की त्यावर उभं असलेलं पत्नीचं एच-4 आणि काम करण्याची परवानगीही धोक्यात येते. नागरिक असलेल्या जोडप्यात एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याचा पगार घर धरून ठेवतो. तुमच्याकडे तो आधार गृहीत धरता येत नाही. म्हणून 38,000 म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचा खर्च तुमच्यासाठी अपुरा आहे. निदान आठ महिन्यांचे, म्हणजे 62,400 हवेत.

याच कारणासाठी 401-के चं कर्ज तुम्हाला इतरांपेक्षा महाग पडू शकतं. व्याज आपल्याच खात्यात जातं, हे खरं. 24,000 चं पाच वर्षांचं कर्ज 8.5 टक्क्यांनी धरलं तर हप्ता 490 च्या आसपास बसतो, तोही झेपेल. पण नोकरी सुटली की अनेक प्लॅन उरलेली रक्कम थकीत धरतात, आणि त्या वर्षाचं कर-विवरण भरण्याच्या मुदतीपर्यंत (मुदतवाढीसह) ती भरली नाही तर ते उत्पन्न समजलं जातं. वर साडेएकोणसाठच्या आत असल्यामुळे 10 टक्के दंड. सगळे 24,000 बाकी असताना ही वेळ आली, तर 24 टक्क्यांच्या टप्प्यात केंद्रीय कर 5,760, दंड 2,400, राज्याचा कर वेगळा. आणि हे बिल नेमकं पगार बंद झाल्यावर येणार. त्या साठ दिवसांत गाडी विकायला काढलीत, तर घाई बघून समोरचा भाव पाडणारच. घरावर क्रेडिट लाइन (घर तारण ठेवून कर्ज) काढण्याचा विचार मनात असेल तर तोही सोडा: त्या पैशाने गाडी घेतली तर व्याजाची वजावट मिळत नाही. आणि 2025 च्या कायद्याने आलेली कार-कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त नव्या, अमेरिकेत अंतिम जुळणी झालेल्या गाड्यांना आहे.

आता 'गुंतवणूक' या शब्दाकडे. 34,000 ही विक्रेत्याची किंमत, तुमची नव्हे. न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे 2,252. ओहायोतून ट्रेलरवर आणण्याचे 1,400 आणि तपासणीचे 400 धरा. पहिल्या दोन वर्षांत निघणाऱ्या कामांना 8,000 बाजूला ठेवा. बेरीज 46,000 च्या वर गेली. विमा, नोंदणी, तेलपाणी, किरकोळ दुरुस्ती वर्षाला 2,000 धरली तर दहा वर्षांत एकूण 66,000. नुसतं घातलेलं परत यायला गाडीची किंमत दरवर्षी सरासरी 6.9 टक्क्यांनी वाढत राहायला हवी, आणि यात महागाई धरलेली नाही. गॅरेज सामानाने भरलेलं असेल आणि भाड्याची जागा घ्यावी लागली, तर हिशेब आणखी बिघडतो. कर कायदाही तुमच्या बाजूचा नाही: नफा झाला आणि गाडी संग्राह्य वस्तू धरली गेली, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, हौसेच्या गाडीवर तोटा झाला तर त्याची वजावट नाही.

शिवाय ही गाडी दुर्मिळ नाही. 1972 साली 27,004 कॉर्व्हेट बनल्या. भाव खेचणारी, जास्त शक्तीच्या एलटी-1 इंजिनाची गाडी त्यांत 1,741 होती. तुमच्यासमोर आहे ती साधी 350. पुढच्या-मागच्या दोन्ही क्रोम बंपरचं हे शेवटचं वर्ष, म्हणून मागणी आहे हे मान्य. पण 1972 मध्ये जे शाळकरी पोर होते आणि या गाडीची स्वप्नं बघत होते, ते आज साठीच्या पुढे आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते विकणारे असतील, घेणारे नव्हेत. भाव पडेलच असं नाही, पण 'वाढतच जाणार' हे गृहीतक आम्ही तुमच्या जागी मांडलं नसतं.

जाहिरातीतले '300 हॉर्सपॉवर' तर खटकतातच. 1972 पासून जनरल मोटर्सने (शेव्हरलेची मूळ कंपनी) नेट मोजमाप, म्हणजे इंजिन सगळ्या जोडण्यांसह मोजणं, वापरलं आणि त्या वर्षीच्या साध्या 350 चा आकडा 200 आहे. 300 हा 1970 चा ग्रॉस, म्हणजे नुसत्या इंजिनाचा, आकडा. विक्रेत्याला माहिती नसेल, किंवा इंजिन दुसऱ्या गाडीचं असेल. दोन्हींत 'मॅचिंग नंबर्स'ची जादा किंमत मोजायला कारण उरत नाही. तपासायला सोपं आहे: 1972 च्या व्हिनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं चिन्ह इंजिन सांगतं, के म्हणजे साधी 350, एल म्हणजे एलटी-1, डब्ल्यू म्हणजे 454. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या सिलिंडर हेडच्या अगदी समोर, एक सपाट पट्टी असते. तिच्यावर व्हिनचे शेवटचे सहा अंक आणि फोर-स्पीडसाठी सहसा सीकेडब्ल्यू हा कोड हवा. सीकेएक्स दिसला तर ते इंजिन ऑटोमॅटिक गाडीचं. पट्टीवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा नसतील, ती आरशासारखी गुळगुळीत असेल, तर आकडे नंतर ठोकलेत असा संशय घ्या.

पण इंजिनात फार गुंतू नका. शेव्हरलेच्या स्मॉल-ब्लॉकचे (याच 350 च्या घराण्यातल्या इंजिनांचे) भाग अमेरिकेत कुठेही मिळतात आणि ते दुरुस्त करणारा मेकॅनिकही. पैसा बुडतो तो सांगाड्यात. बॉडी फायबरग्लासची, तिला गंज नाही, म्हणून लोक बाहेरून चकचकीत रंग बघून फसतात. आत पोलादी फ्रेम आहे आणि केबिनभोवती पोलादी पिंजरा, ज्याला तिकडे 'बर्डकेज' म्हणतात. टी-टॉपची रबरं गळतात, पाणी विंडशील्डच्या कोपऱ्यांतून दाराच्या बिजागरीच्या खांबात उतरतं आणि कार्पेटखाली साचतं. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, ते खालून वेगळं काम करतं. विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यांची पट्टी काढून, पायाजवळचं किक-पॅनेल उघडून आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे, फ्रेम जिथे वर वळते तिथे, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघावं लागतं. तिथे पत्रा भुसभुशीत निघाला तर बॉडी फ्रेमवरून उचलावी लागते, आणि ते बिल गाडीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतं. रंगही स्वस्त नाही. फायबरग्लासवर सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) चालत नाही, जुना रंग हाताने किंवा केमिकलने उतरवावा लागतो.

8,000 कशाला लागतात, तेही सांगतो. चारही ब्रेक डिस्कचे. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) आतल्या भिंती गंजतात आणि तेल झिरपतं. स्टेनलेस स्लीव्ह घातलेले चारही कॅलिपर आणि रबरी होज एकदमच बदलावे. मागच्या ट्रेलिंग आर्ममधली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातली) व्हील बेअरिंग सुटी करून पुन्हा मापात बसवायला खास हत्यारं लागतात, साध्या गॅरेजचं ते काम नव्हे; दोन्ही बाजूंना 1,500 ते 2,500 धरा. हेडलाइट आणि वायपरवरचं झाकण व्हॅक्यूमवर उघडतात, होजला चीर पडली की एक डोळा मिटलेलाच. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी नवीकोरी असली तरी टायर दहा वर्षांपूर्वीचे असतील तर फेकायचे. इंधनाचे जुने रबरी पाइप आजच्या दहा टक्के इथेनॉलने मऊ पडतात, आणि ते गरम इंजिनावर गळले तर आग लागते. जुन्या फ्लॅट-टॅपेट कॅमला (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला) जस्त असलेलं तेल लागतं, तेवढं स्वस्तातलं.

विम्याबद्दल: क्लासिक गाडीला ठरलेल्या किमतीची (गाडी पूर्ण गेली तर आधी ठरवलेली रक्कम देणारी) पॉलिसी घ्यावी, हॅगर्टी किंवा ग्रंडीसारख्या कंपन्या ती देतात. अशा पॉलिसी साधारणपणे बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी मागतात, आणि ऑफिसला ये-जा त्यात सहसा बसत नाही. तुमचा शुक्रवारचा बेत आधी कंपनीला लेखी विचारा.

आता आमचा मार्ग. महिन्याचे 2,600 पहिले दहा महिने आपत्कालीन निधीत टाका. तो 64,000 होईल. पुढचे आठ महिने तेच पैसे गाडीच्या खात्यात. तुमचे 10,000 धरून 30,800 जमतील. म्हणजे दीड वर्षात, कर्जाविना. त्यात गाडीची किंमत 21,000 च्या वर जाऊ देऊ नका. बाकी कर, वाहतूक, तपासणी आणि वरच्या कामांना. या पैशात क्रोम बंपर बहुधा मिळणार नाही. 1976 ते 1979 मधली कूपे बघा. 1979 मध्येच 53,807 बनल्या, त्यामुळे निवड करायला वाव आहे. शक्ती कमी आहे, पण तुम्हाला हवा तो आकार, तो लांब बॉनेट, तोच आहे. इंजिन बदललेली पण सांगाडा कोरडा असलेली गाडी मिळाली तर तीच घ्या, भाव करताना मात्र बदललेलं इंजिन पुढे करा.

तेव्हा गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर स्थानिक तपासनीस लावून ती लिफ्टवर चढवून बघा, टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हिन विंडशील्डच्या खांबावरच्या पट्टीशी ताडा, कर्जाचा बोजा नाही याची खात्री करा. ओहायोत विक्रेत्याची टायटलवरची सही नोटरीसमोर व्हावी लागते. कोरी सही करून ठेवलेलं टायटल घेऊ नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही: पत्नीचं मत. गाडी दोन सीटची आहे, चौघं एकत्र कधीच बसणार नाही, एअरबॅग नाही, आणि उन्हाळ्यात इंजिनाची धग थेट पायाशी येते. या दीड वर्षात अशी एखादी गाडी एका दिवसासाठी भाड्याने घ्या आणि दोघं मिळून जर्सी शोअरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन या, शक्यतो जुलैच्या दुपारी.