टाकीत मासे कधी सोडायचे?

भावा, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणून टाकी तयार झाली असं समजू नकोस. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि मासा मारतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य. ही फौज उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. थंडीत जास्तच, कारण गार पाण्यात जिवाणू सुस्तावतात. हीटर असला तर 26-28 अंशांवर ठेव.

मासे नसताना या जिवाणूंना खायला हवं, म्हणून चिमूटभर खाद्य टाकत राहा किंवा अमोनियाचं द्रावण घाल. हे सगळं मोजायला थेंबांची टेस्ट किट घे, टेस्टच्या पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम) नेल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट मात्र दिसतंय, तर टाकी तयार. मधेच पाणी दुधाळ झालं तर घाबरू नकोस, ओतूनही देऊ नकोस.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायचं, नाहीतर ते या जिवाणूंनाच मारतं. स्पंजही नळाखाली धुऊ नकोस, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळ. आणि कुणी म्हणेल, रंकाळा तलावाचं बाटलीभर पाणी ओत, जिवाणू आयते मिळतात. नको! सोबत जंतू आणि परजीवी फुकट येतात.

सोडायच्या आदल्या दिवशी निम्मं पाणी बदल, आणि पहिल्यांदा तीन-चार गप्पीच सोड.