प्राणवायू पुरेसा आहे, मग वासरू दमतं का?

प्रश्न : आमच्या तीन आठवड्यांच्या वासराच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. त्यामुळे शरीराला रक्त कमी पोचतं, असं निदान झालंय. पण जिभेला चिमटा लावून मोजलं, तर प्राणवायू ९५ टक्के! मग चार घोट पिऊन ते बाटली का सोडतं? कान गार का पडतात?

उत्तर : ९५ हा आकडा खराच आहे. पण रक्ताची गाडी प्राणवायूने किती भरलीय एवढंच तो सांगतो, खेपा किती होतात ते नाही.

१ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. निवांत पडलेलं निरोगी जनावर त्यातला पाव ते तिसरा हिस्सा वापरतं, बाकीचा रक्ताबरोबर हृदयाकडे परततो. ही शिल्लक मोलाची. रक्ताचा ओघ घटला की पेशी त्याच रक्तातून जास्त ओढून घेतात, त्यामुळे ओघ निम्म्यावर आला तरी एकूण वापर जवळजवळ तेवढाच राहू शकतो. म्हणून तर झोपलेलं वासरू ठणठणीत दिसतं. वापर म्हणजे रक्ताचा ओघ गुणिले धमनी आणि शिरेतल्या प्राणवायूचा फरक, हा हिशेब जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ फिक यांनी १८७० मध्येच मांडला. अशा रुग्णात मी परतीच्या रक्तातल्या प्राणवायूचा आकडा आधी बघते.

लहानग्यांची शिल्लक मुळातच तोकडी असते. वजनाच्या मानाने त्यांना प्रौढांच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो. हृदय आधीच जोरात चाललेलं असतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलायला फारसा वाव नसतो. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून थोडं उरलेलं असतं आणि ते प्राणवायू सहजी सोडत नाही. ओढून घेण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांशावर गेलं की मर्यादा आली. तिथून पुढे वापरच घटतो आणि रक्तात लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की पेशींत साचणारा पदार्थ) चढतं.

त्याआधी शरीर काटकसर करतं. कातडी, आतडी, मूत्रपिंडं यांचं रक्त कमी होतं, मेंदू आणि हृदय सांभाळले जातात. कान गार पडतात ते त्यामुळेच, आणि प्यायलेलं दूध अंगी लागत नाही तेही. हृदयाच्या स्नायूला तर आणखी ओढून घेण्याची सोयच नाही. तो विश्रांतीतही सुमारे ७० टक्के घेऊन बसलेला असतो.

अशाच एका वासराजवळ मी रात्र काढली होती. अंगाचं तापमान ३७.२ अंश सेल्सिअस, म्हणजे वासराच्या मानाने फार कमी. थंडीत ऊब निर्माण करायला प्राणवायू जास्त लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. कोरडं करून, पांघरून, दिव्याखाली ठेवलं. दोन तासांनी त्याने माझं बोट चोखायला सुरुवात केली. डोळे भरून आले माझे.

तुम्ही दूध थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. श्वास चढला की बाटली काढा, बळजबरी अजिबात नको. जागा उबदार, कोरडी ठेवा, पळवू नका. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागले, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.