कोर्स सोडून चित्रकार व्हायचं म्हणतोय

प्रश्न : माझा मुलगा (वय २४) इंजिनिअरिंगनंतर एम.एस्सी.साठी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला गेलाय. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या, पुढे चित्रकला कुठे शिकला नाही. तिकडे गेल्यापासून व्हिडिओ बघून तैलरंगात चित्रं काढतो. आता पहिलं वर्ष संपत आलंय आणि कोर्स सोडून पूर्णवेळ चित्रकार व्हायचं म्हणतोय. शैक्षणिक कर्ज डोक्यावर आहे. ‘व्हॅन गॉग कुठे कॉलेजात गेला होता?’ असं विचारतो तेव्हा मला बोलता येत नाही. सात चित्रांचे फोटो सोबत पाठवतेय. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुलाने नाव चांगलं घेतलंय. तो राहतो तिथून न्यूनेन हे गाव सायकलने अर्ध्या तासावर आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग डिसेंबर १८८३ पासून जवळजवळ दोन वर्षं त्या गावात होता आणि १८८५ मध्ये ‘पोटॅटो ईटर्स’ हे बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं चित्र त्याने तिथेच रंगवलं. पदवी नव्हती, हे खरं. पण स्वतःचं स्वतः शिकला म्हणजे मनाला येईल तसं रंगवत बसला, असं नाही. १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरल्यावर त्याने शार्ल बार्गचे रेखाटनाच्या पाठांचे तक्ते मिळवले आणि पुन्हा पुन्हा उतरवून काढले. हेगमध्ये मॉव्ह या नात्यातल्या चित्रकाराकडे धडे घेतले. ‘पोटॅटो ईटर्स’च्या आधीच्या हिवाळ्यात न्यूनेनच्या कष्टकऱ्यांचे चाळीसएक चेहरे रंगवले. एवढं करूनही राप्पार्ड या चित्रकार मित्राने त्या चित्राची शिळाछापातली प्रत बघून पत्रातून आकृत्यांवर सडकून टीका केली. व्हिन्सेंटने ते पत्र तसंच परत पाठवलं!

हे सांगतेय, कारण तुम्ही पाठवलेले फोटो मी दोन दिवस बघतेय. पावसातल्या सायकल स्टँडचं चित्र मला मनापासून आवडलं. ओल्या सीटवर पडलेला दिव्याचा पिवळा ठिपका त्याने नेमका टिपलाय. नजर आहे त्याला. पण सात चित्रांत मिळून पाच माणसं आहेत आणि हात एकाचाही दिसत नाही. कुणाचे खिशात, कुणाचे टेबलाखाली, एकाचे पिशवीआड. जमत नाहीत म्हणून ते लपवलेत. घरच्या घरी शिकणाऱ्या बऱ्याच मुलांच्या चित्रांत मला हे दिसतं, कारण ‘हात कुठेत?’ असं विचारणारं शेजारी कुणी नसतं.

व्हिन्सेंटला तसं विचारणारी आणखी माणसं भेटली ती देश सोडल्यावर. आधी अँटवर्पच्या अकादमीत तो काही आठवडे टिकला, शिक्षकांशी त्याचं पटलं नाही. मग १८८६ मध्ये पॅरिसला, धाकटा भाऊ थिओकडे. तिथे कॉर्मों या चित्रकाराच्या स्टुडिओत काही महिने शिकायला बसला. तुलूझ-लोत्रेक, एमिल बर्नार यांच्याशी ओळखी झाल्या, नव्या चित्रकारांचं काम जवळून बघायला मिळालं आणि न्यूनेनचे मातकट रंग हळूहळू सुटत गेले. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून आरसा समोर ठेवून स्वतःचाच चेहरा रंगवायचा. त्या दोन वर्षांत अशी पंचवीसच्या वर आत्मचित्रं झाली. एका लाखेच्या डबीत तो लोकरीचे गुंडे ठेवायचा. दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळायचे आणि शेजारी-शेजारी कसे दिसतात ते बघायचं. ती डबी ऍमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमने जपून ठेवलीय. १८८७ मध्ये हिरोशिगेची जपानी छापचित्रं त्याने तैलरंगात उतरवली, तीही शिकण्यासाठीच.

तुमचा मुलगा गेलाय परदेशात, पण शिकतोय खोलीत बसून, मोबाइलवर. आधी हे बदलायला हवं. ‘पोटॅटो ईटर्स’ ऍमस्टरडॅमला आहे, रेल्वेने दीड तासाच्या आत. त्याने एक अख्खा दिवस त्या एका चित्रासमोर वही घेऊन बसावं. मॉडेल समोर ठेवून रेखाटन करणारा एखादा गट गावात शोधावा आणि दर आठवड्याला जावं. तिथे टीका होईल. व्हायलाच हवी.

आता कर्जाचं. व्हिन्सेंटला थिओ दर महिन्याला पैसे पाठवायचा, वर्षानुवर्षं. ‘रेड व्हिनयार्ड’ हे चित्र ४०० फ्रँकला विकलं गेलं ते १८९० मध्ये, आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे सहा महिन्यांत थिओही गेला. नंतर थिओच्या बायकोने, जोहानाने, चित्रं आणि पत्रं लोकांसमोर आणण्यात आयुष्य घातलं. शिकावं कसं, यासाठी व्हिन्सेंटकडे जरूर बघावं. हप्ते कसे फेडायचे, यासाठी हे उदाहरण घेऊ नका, आणि त्यालाही घेऊ देऊ नका.

कोर्स सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा तिथला राहण्याचा परवाना शिक्षणावर आहे. दर वर्षी ६० पैकी निदान ३० क्रेडिट मिळवावेच लागतात, आणि कोर्समधून नाव काढून घेतलं की परवानाही जातो. म्हणजे चित्रकलेसाठी कोर्स सोडला, तर ती म्युझियम्स आणि तो देशच सुटेल. उलट पदवी घेतली, तर त्यानंतर तीन वर्षांच्या आत एका वर्षाच्या वेगळ्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्या वर्षात नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय, दोन्ही चालतं. अर्धवेळ काम करून हप्ते भरायचे आणि उरलेल्या वेळात रंगवायचं, हा प्रयोग तेव्हा करून बघता येईल. चित्रांचा संच घेऊन कलाशाळेत अर्ज करायचा की नाही, हेही तेव्हाच ठरवा. आज त्याच्याकडे दाखवण्यासारखी चित्रं दोनच आहेत.

त्याला हे पत्र वाचायला द्या. पुढच्या व्हिडिओ कॉलवर परीक्षेचं विचारण्याआधी ‘वही दाखव’ म्हणा. दिवाळीपर्यंत त्याने हातांची पन्नास रेखाटनं करावीत: स्वतःचा डावा हात, पोळी तोडणारा रूममेटचा हात, सायकलचं हँडल धरलेला हात. सगळ्यांचे फोटो मला पाठवा, फसलेल्यांचेही.